चार हात, चोवीस देव

संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव अशी विष्णूची नावे घेतली जातात. मोजली तर ती बरोबर चोवीस भरतात. पळी-पंचपात्र पुढ्यात घेऊन बसलेल्याला हा आकडा सहसा खटकत नाही. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला विचारले तर तो आधी मूर्तीच्या हातांकडे बोट दाखवील.

विष्णूला हात चार, आणि धरायच्या वस्तूही चारच : शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातात चारपैकी कोणतीही वस्तू देता येते, दुसऱ्यासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन. चौथ्याला मिळेल ते मुकाट्याने घ्यावे लागते. ४ × ३ × २ × १ = २४. एका प्रचलित यादीनुसार उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणेच्या दिशेने पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असेल तर तो केशव. दोन्ही बाजूंच्या वस्तू वर-खाली केल्या की झाला नारायण! ग्रंथागणिक कोणत्या क्रमाला कोणते नाव, यात फरक पडतो. एकूण संख्या मात्र हलत नाही.

यावरून गणित शिल्पकारांनीच शोधले, असा डंका पिटण्याची घाई नको. केशव ते दामोदर ही पहिली बारा नावे मार्गशीर्ष ते कार्तिक या बारा महिन्यांनाही जोडलेली आहेत. तेव्हा चोविसाच्या आकड्याला एकापेक्षा जास्त वाटा फुटतात. (आपला विठ्ठल मात्र कमरेवर हात ठेवून या हिशेबातून सुटला. संतांनी त्याला चोविसांवेगळा म्हटले ते उगाच नव्हे.)

हाच प्रश्न इ.स. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विद्यार्थ्यांना घातला. हरीच्या चार हातांतल्या वस्तूंची अदलाबदल केली तर मूर्ती किती? आणि पाश, अंकुश, सर्प, डमरू अशा दहा वस्तू दहा हातांत धरणाऱ्या शंभूच्या किती? हरीच्या चोवीस, शंभूच्या ३६,२८,८००! हात चाराचे दहा झाले, तर संख्या दीड लाखपट झाली. रोज एक याप्रमाणे शंभूच्या साऱ्या मूर्ती घडवायच्या तर ९,९००हून अधिक वर्षे लागतील. चोवीस मूर्तींची शास्त्रात नावानिशी यादी झाली. छत्तीस लाखांची कोण करणार?

या प्रकरणाचे नाव ‘अंकपाश’, म्हणजे अंकांचा फास. इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन असले काही विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ पोरे हमखास आपटतील, असा मिश्कील इशाराही आचार्य शेवटी देऊन ठेवतात. फास कसा पडतो ते पाहा. २, २, १, १ हे चार अंक मांडून किती संख्या होतील? चार वस्तूंच्या सवयीने चोवीस म्हणणारा अडकला. दोन दुव्वे आपसांत बदलले काय आणि न बदलले काय, संख्या तीच, एक्क्यांचेही तसेच. म्हणून २४ला दोनदा दोनाने भागायचे. उरतात सहा.

त्या सहांची बेरीज किती, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक स्थानी तीनदा २ आणि तीनदा १ येतो, म्हणजे प्रत्येक स्थानाची बेरीज नऊ. उत्तर ९,९९९. एकही संख्या न लिहिता!

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथल्या इ.स. १२०७च्या शिलालेखात त्याची नोंद आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला.

आता ‘अंकपाशा’तलाच आणखी एक प्रश्न वाचकांसाठी : ४, ८, ५, ५, ५ हे अंक घेऊन किती संख्या होतात आणि त्यांची बेरीज किती? पडताळ्यासाठी उत्तर : वीस संख्या, बेरीज ११,९९,९८८.