एक भिडू कमी आहे

मराठी माणूस खेळात किती रमतो हे सांगता येणार नाही, पण त्याची भाषा मात्र सदैव पटावर बसलेली असते. कुणाचं दान पडतं, कुणाची सोंगटी मरते, कुणी डाव साधतो, कुणी रडीचा डाव खेळतो. संसारसुद्धा आपण ‘मांडतो’, आणि बिनसलं की म्हणतो, डाव मोडला. देवांचीही यातून सुटका नाही. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, आणि जेजुरीच्या खंडोबाचं बाणाईकडे जाणं लोककथेत सुरू होतं तेच मुळी म्हाळसेशी हरलेल्या डावापासून.

खेळ भाषेत इतका मुरलेला असताना घराघरांतले पट आणि पत्ते कुठं गेले? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोट रंगायचा. त्याला चार माणसं लागतात, समोरासमोरचे दोघं भिडू. आधी सासूबाई गेल्या. मग मुलगी शिकायला म्हणून जर्मनीला गेली, ती तिथंच स्थिरावली. पुढं हे गेले. पत्त्यांचा जोड अजून कपाटात आहे, एकही पान हरवलेलं नाही. पत्ते झिजून खेळ कधी संपत नाही, तो भिडू संपून संपतो.

हे काही माझ्या एकटीचं दुखणं नव्हे. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांत आता एक किंवा दोनच माणसं आहेत. म्हणूनच २०२४ च्या ऑक्टोबरात मुलीकडे गेले असताना तिनं ‘खेळांच्या जत्रेला’ नेलं, तेव्हा माझं लक्ष खेळांपेक्षा भिडूंकडेच अधिक होतं. दोन लाख माणसं चार दिवस जमतात, ती एकमेकांना ओळखत नाहीत. मग ती खेळतात तरी कुणाशी?

ही जत्रा भरते एसेनला. मुलीच्या ड्युसेलडॉर्फपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर. एसेन हे एकेकाळी कोळशाचं आणि पोलादाचं गाव. क्रुपचे कारखाने इथलेच. झोलफराइन नावाची इथली प्रचंड खाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा ठरली. अशा काजळी धरलेल्या गावात १९८३ साली खेळांवरच्या एका मासिकाच्या वाचकांचा मेळावा भरला. त्याचंच पुढं हे अवाढव्य झाड झालं. नाव साधंच, ‘श्पील’, म्हणजे खेळ. २०१९ साली इथं २ लाख ९ हजार माणसं आली होती. २०२० मध्ये करोनामुळे दालनं बंद राहिली आणि जत्रा फक्त संगणकाच्या पडद्यावर भरली. २०२४ मध्ये गर्दीनं पुन्हा दोन लाखांचा आकडा ओलांडला. वाचकांचा गैरसमज नको म्हणून सांगते, इथं जुगार नाही आणि संगणकावरचे खेळही नाहीत. पुठ्ठ्याचे पट, पत्ते, फासे आणि लाकडी सोंगट्या, एवढाच हा मामला.

सकाळी भुयारी रेल्वेच्या फलाटावरच जत्रेचा अंदाज आला. प्रवासाला निघालेली माणसं भरलेल्या बॅगा ओढत जातात. इथं शेकडो माणसं रिकाम्या बॅगा घेऊन निघाली होती! परतताना त्या भरलेल्या असणार, हे उघड होतं. आमचे जावईही त्यांतलेच. दहा वाजता दारं उघडली आणि ते एका नव्या खेळाच्या मागं जे धावले, ते दुपारीच दिसले.

प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’ची पाटी येते. इथं सगळं उलटं. शेकडो दुकानं, पण प्रत्येकापुढं टेबलं आणि खुर्च्या. बसा, खेळा, मग वाटलं तर विकत घ्या. टेबल मिळालं नाही तर माणसं भिंतीशी, जिन्याखाली, चक्क जमिनीवर फतकल मारून पट मांडतात. कुरळ्या केसांची पोरं, टाय लावलेले गृहस्थ, कडेवर मूल घेतलेल्या बायका, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, सगळे त्या जमिनीवर एका पातळीला.

आणि प्रत्येक टेबलाशी खेळ समजावून सांगणारा एक जण उभा. त्याला जर्मन भाषेत जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘समजावणारं अस्वल’. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे या अस्वलांकडे जरा धंद्याच्या नजरेनं पाहत होते. त्यांची रीत मला पटली. नियम आधी सांगायचे नाहीत. आधी सांगायचं, ‘तुम्ही कोण आहात आणि तुम्हाला काय साधायचंय.’ मग पहिली खेळी करायला लावायची आणि अडलं की पुढचा नियम. चुकलं तर हसायचं नाही. आपल्याकडे लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो बाद होत नाही, पण खेळात असतो. एसेनच्या त्या दालनांत पहिल्या डावाला प्रत्येक जण कच्चं लिंबू असतो, मग तो वीस वर्षांचा असो की सत्तरीचा.

माझी पाळी आली ती अशी. एका टेबलाशी मुलगी बसली. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक आजोबा, समोर पोलंडहून आलेली एक विद्यार्थिनी. मी पिशव्या सांभाळत मागं उभी. तेवढ्यात अस्वलानं चार बोटं वर केली, तिघांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. भाषा येत नसली तरी अर्थ लख्ख कळला. एक भिडू कमी आहे!

खेळाचं नाव ‘हानाबी’. हा जपानी शब्द, अर्थ शोभेची आतषबाजी. पण खेळ रचला आंत्वान बोझा या फ्रेंच माणसानं. जर्मनीत दरवर्षी ‘वर्षाचा सर्वोत्तम खेळ’ म्हणून १९७९ पासून एक पुरस्कार दिला जातो, तो २०१३ साली याला मिळाला. पत्ते पन्नास, रंग पाच. प्रत्येक रंगाची पानं एकापासून पाचापर्यंत क्रमानं लावायची, की झाली आतषबाजी. इथवर ठीक. पण गंमत पुढं आहे. हातातली पानं उलटी धरायची! आपली पानं आपल्याला दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना दिसतात. शिवाय इथं कुणी कुणाच्या विरुद्ध नाही. जिंकायचं तर सगळ्यांनी मिळून, हरायचं तरी सगळ्यांनी. दुसऱ्याला त्याच्या पानांबद्दल फक्त एवढंच सांगता येतं, की ‘ही पानं लाल आहेत’ किंवा ‘ही पानं तीनची आहेत’. अशा सूचना एका वेळी आठच शिल्लक असतात. एखादं पान टाकून दिलं की एक सूचना परत मिळते. बाकी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. जन्मभर बोलून पोट भरलेल्या बाईला हा नियम केवढा कठीण, विचारा!

डाव अर्ध्यावर आला. शेवटची एकच सूचना उरली होती आणि माझ्या पुढच्या पाळीला सगळ्यात डावीकडचं पान टाकून द्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. मुलीच्या हे लक्षात आलं असावं. तिनं ती शेवटची सूचना माझ्यावर खर्च केली. त्या पानाकडे बोट करून म्हणाली, ‘फ्युन्फ.’ माझा चेहरा पाहून पुन्हा म्हणाली, ‘आई, पाच.’ बस्स, एवढंच. ‘टाकू नकोस’ असं म्हणायची सोय नव्हती. पण प्रत्येक रंगात पाचाचं पान एकच असतं. ते गेलं की त्या रंगाची आतषबाजी अपुरीच राहणार. मी दुसरं पान टाकलं. पुढं त्या पोलिश मुलीनं सांगितलं, की तेच पान पांढरं आहे. पांढऱ्याचा चौकार आधीच लागलेला होता. मी पान खाली ठेवलं, रंग पूर्ण झाला, आणि दाढीवाले आजोबा टेबलावर थाप मारून ओरडले, ‘पाच!’

पंचविसांपैकी आमचे सतरा गुण झाले. पहिल्या खेपेला बरे आहेत म्हणतात. मला मात्र वेगळंच काही जाणवत होतं. मुलगी परदेशी गेल्यापासून आमचं रोजचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’, ‘गोळ्या घेतल्यास का’, ‘तिकडे थंडी आहे का’. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. त्या अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दहा शब्द बोललो असू. पण माझ्या मनात काय चाललंय याचा ती विचार करत होती आणि तिच्या मनात काय असेल याचा मी. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. आपली पानं आपल्याला दिसत नाहीत आणि समोरच्याला दिसतात, ही काही फक्त पत्त्यांतली गोष्ट नव्हे, हे ह्या वयात मी कुणाला सांगायला नको.

डाव संपल्यावर आजोबांनी मुलीमार्फत विचारलं, तुमच्याकडे काय खेळतात? मी माहितीपत्रकाच्या पाठीवर पचिसीचा पट काढला, चार पट्ट्या आणि मधलं घर. ते खो खो हसले. म्हणाले, हा तर आमचा! जर्मनीत घरोघरी असलेला एक खेळ आहे, त्याच्या नावाचाच अर्थ ‘माणसा, चिडू नकोस’. योझेफ श्मिट नावाच्या म्युनिकच्या गृहस्थानं तो आपल्या मुलांसाठी केला आणि १९१४ पासून मोठ्या प्रमाणावर तयार करायला घेतला. पहिल्या महायुद्धात त्याच्या तीन हजार पेट्या लष्करी इस्पितळांत पाठवल्या, आणि घरी परतलेल्या सैनिकांबरोबर खेळ देशभर गेला. तो आपल्या पचिसीच्याच कुळातला, जसा इंग्रजांचा ल्युडो. सोंगटी घराच्या तोंडाशी असताना मारली गेली की माणूस चिडतो, हे साताऱ्यात खरं आणि म्युनिकमध्येही.

आजोबा जन्मभर कोळशाच्या खाणीत होते. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दर मंगळवारी संध्याकाळी गावच्या वाचनालयात दहा-पंधरा जण खेळायला जमतात, तिथं ते जातात. तिथल्या बऱ्याच वाचनालयांत पुस्तकांसारखे खेळही घरी नेता येतात. ‘इथं खेळ घ्यायला येत नाही,’ ते म्हणाले, ‘घरी फार झालेत. बसायला येतो.’ त्यांनी आमची आडनावं विचारली नाहीत, आम्हीही त्यांचं विचारलं नाही. पुढच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी दिसली, तसे ते उठून गेले.

या जत्रेत सगळंच गोड आहे असं नव्हे. चार-चार हजार रुपयांच्या पेट्या माणसं दहा-दहा घेतात. घेऊन न उघडलेल्या पेट्यांच्या राशीला या शौकिनांनी स्वतःच नाव ठेवलंय, ‘लाजेचा ढीग’. आमच्या जावयांचा ढीग छतापर्यंत पोचायचा आहे, एवढंच. पण घडी न मोडलेल्या साड्या कपाटात असलेल्या बाईनं त्यावर फार बोलू नये.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. तिथं खेळ रचणाऱ्याला लेखकाचा मान आहे. पेटीवर त्याचं नाव असतं, सहीसाठी रांगा लागतात. हा मान आपोआप मिळाला नाही. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात तेरा जणांनी बिअरच्या पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या, की पेटीवर नाव छापणार नसाल तर आमचा खेळ मिळणार नाही. पुढं १९९५ साली क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाचा ‘काटान’ आला. ‘तू मला विटा दे, मी तुला लोकर देतो’ अशी देवघेव केल्याशिवाय ज्यात पुढं सरकताच येत नाही, असा तो खेळ जगभर गेला. टॉयबर २०२३ साली वारले. दिवसा दातांच्या कवळ्या करणारा माणूस रात्री तळघरात बसून अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावणारं यंत्रच घडवत होता म्हणायचं.

आपल्यात आणि त्यांच्यात फरक पैशाचा किंवा पुठ्ठ्याचा नाही. आपला हट्ट असतो, की भिडू घरातलाच हवा. नणंद-भावजया, आजी-नातवंडं, फार तर शेजारी. घर भरलेलं होतं तोवर हे साजून गेलं. घर पांगलं की खेळही पांगतो, आणि मोठ्या माणसानं बाहेर जाऊन खेळायचं म्हणजे रिकामटेकडेपणा. त्यांनी पांगलेल्या घरांना अनोळखी भिडू मिळवून देण्याची व्यवस्था केली, एक टेबल, एक समजावणारा आणि पहिल्या डावाला माफी. पुण्या-मुंबईत असे खेळ मांडणारे कॅफे आता निघाले आहेत. तरुण मुलं तिथं जातात, हे छानच. पण गावोगावच्या वाचनालयांत दुपारी रिकाम्या असलेल्या खुर्च्या आणि घरोघरी रिकामी बसलेली माणसं यांची गाठ घालायला कॅफे कशाला हवा?

आमच्या आळीतल्या वाचनालयात मी विचारलं. एक कपाट आणि एक टेबल मिळालं. पहिल्या मंगळवारी दोघी आलो, भिकार-सावकार खेळलो. दुसऱ्या मंगळवारी तिघी, पाच-तीन-दोन झालं. मेंढीकोटाला अजून एक कमी आहे. दुपारी साडेचारची वेळ. पत्ते आमचे. ओळख नसली तरी चालेल, खेळता येत नसलं तर अधिकच चालेल. पहिल्या डावाला सगळेच कच्चं लिंबू.