माहिती वालूरला आली. प्रश्न मुंबईला जाईल का?

वालूरला आमच्या वडिलांचे कापूस आणि धान्याच्या अडतीचे दुकान होते. गादीमागे एक लाकडी पेटी असे. तिच्यात जुन्या वह्यांशेजारी एक कापडी पिशवी होती आणि त्या पिशवीत मुंबईच्या एका कंपनीचे पन्नास शेअर. ऐंशीच्या दशकात इश्यू निघाला तेव्हा अण्णांनी ते घेतले होते. वर्षातून एकदा पोस्टमन त्या कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल आणून देई. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो. सुटीवर आलो की अण्णा तो अहवाल माझ्यापुढे ठेवीत आणि त्यातला इंग्रजी मजकूर मराठीत सांगायला लावीत.

एका वर्षी अहवाल हाती पडला तेव्हा वार्षिक सभा होऊन चार दिवस उलटले होते. सभा वेळेवर कळली असती तरी जाणार कोण? वालूरहून सेलू, सेलूहून मीटरगेजची गाडी, मनमाडला गाडी बदलून मुंबई. आणि तेही पन्नास शेअरसाठी! अहवालात मात्र एक ओळ अशी होती की, संचालकांच्याच दुसऱ्या एका कंपनीला आपल्या कंपनीने मोठी रक्कम उसनी दिली आहे. अण्णांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "आपल्या अडतीतल्या भागीदारानं गल्ल्यातून पैसे काढून मेव्हण्याला दिले, तर दिवाळीला वही उघडताना आपण विचारतोच ना? मग यांना का विचारू नये?" त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. त्याचे उत्तर अण्णांच्या हयातीत आले नाही.

आज मागे वळून पाहताना वाटते की, कंपनी आणि गुंतवणूकदार यांच्यातील खुल्या संवादाचा सारा प्रश्न त्या एका पत्रात सामावलेला होता. संवादाला दोन अंगे असतात, सांगणे आणि विचारणे. गेल्या तीस वर्षांत तंत्रज्ञानाने पहिले अंग विलक्षण बळकट केले. दुसरे अजून दुबळेच आहे, आणि त्याला थोडेफार आपणही कारण आहोत.

आधी पहिल्या अंगाविषयी. बाजारात माहिती असमान असली की काय होते, हे मुंबईने १८६५ मध्येच अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा शेअरच्या सट्ट्यात ओतला गेला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. कंपनीच्या कागदात काय आहे हे न पाहता, केवळ कानोकानी आलेल्या बातमीवर लोकांनी घरदार लावले होते.

त्या सट्ट्याचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद हे आपल्याच समाजाचे. पुढे १८७५ मध्ये मुंबईच्या शेअर दलालांची जी संघटना स्थापन झाली, ज्यातून आजचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मुंबई विद्यापीठातील राजाबाई टॉवर त्यांनी दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. असे सांगतात की, मातोश्रींना दृष्टी नव्हती आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा त्यांचा नियम होता. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी ही मुलाची इच्छा. कथा किती खरी ते असो, तिच्यातील कल्पना मला फार मोलाची वाटते. टोला सर्वांना एकाच क्षणी ऐकू येतो, पेढीवरच्या शेठजींना आणि रस्त्यावरच्या हमालालाही. खुलेपणाची पहिली कसोटी हीच आहे.

ही कसोटी भारतीय बाजाराने टप्प्याटप्प्याने गाठली. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर शेअरचे व्यवहार सुरू झाले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही तीच वाट धरली. त्यापूर्वी दलाल सांगेल तो भाव खरा मानावा लागे. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा झाला आणि कागदी शेअरची जागा डिमॅट खात्याने घेतली. बँकेत असताना इश्यूचे अर्ज आमच्याच शाखेत गोळा होत. वाटपपत्र टपालात हरवले, सही जुळली नाही म्हणून हस्तांतर परत आले, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या ग्राहकांचे चेहरे मला अजून आठवतात. डिमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. म्हणजे भागधारक आता मुंबई-अहमदाबादपुरता उरला नाही. तो सेलू-जिंतूरच्या बाजारपेठेतही आहे.

त्याहून महत्त्वाचा बदल सेबीच्या २०१५ च्या नियमांनी आणि त्यांतील पुढच्या दुरुस्त्यांनी घडवला. संचालक मंडळाच्या बैठकीत लाभांश, निकाल यांसारखा निर्णय झाला की बैठक संपल्यापासून तीस मिनिटांत कंपनीने तो शेअर बाजाराला कळवावा लागतो. बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर तीन तासांची मुभा आहे. कंपनीच्या आत घडलेली इतर महत्त्वाची घटना बारा तासांत आणि बाहेरून उद्भवलेली चोवीस तासांत कळवायची असते. कळवलेले सारे बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. निकालानंतर कंपन्या मोठ्या गुंतवणूकदारांशी दूरध्वनीवर चर्चा करतात. पूर्वी ती बंद दाराआडची गोष्ट होती. १ एप्रिल २०२२ पासून तिचे ध्वनिमुद्रण आणि शब्दशः टिपण प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले आहे. मुंबईच्या मोठ्या फंडाच्या व्यवस्थापकाने काय विचारले आणि अध्यक्षांनी काय उत्तर दिले, हे वालूरच्या ओट्यावर बसून ऐकता येते. अण्णांना हे सांगितले असते तर त्यांना खरे वाटले नसते.

तथापि केवळ सांगण्याने खुलेपणा येत नाही. याचा धडा आम्हां मराठवाडेकरांना जवळच्या हैदराबादनेच दिला. सत्यम कॉम्प्युटर्स ही नावाजलेली कंपनी. उत्तम कारभारासाठीचा पुरस्कारही तिला २००८ मध्येच मिळाला होता. १६ डिसेंबर २००८ रोजी तिने अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदारांनी दूरध्वनीवरील चर्चेतच जाब विचारला, न्यूयॉर्कमध्ये कंपनीचा भाव निम्म्याहून खाली आला आणि काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदातील ५,००० कोटींहून अधिक रोख रक्कम अस्तित्वातच नव्हती. अहवाल वेळेवर निघत होते, आकडे सुबक छापले जात होते. त्यांनी काहीच उघड केले नाही. खोटेपणाला पहिला धक्का दिला तो प्रश्नाने. पण तो प्रश्न विचारणारे मोठे फंड होते. आपल्यासारख्यांना ती सोय कुठे होती?

ती सोय करोनाच्या काळात झाली. एप्रिल-मे २०२० मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रके काढून व्हिडिओद्वारे सभा घेण्यास परवानगी दिली आणि नंतर ती वेळोवेळी वाढवली. ऐंशीच्या दशकात रिलायन्सच्या सभेला हजारो भागधारक मुंबईच्या मैदानात जमत. तिची १५ जुलै २०२० ची सभा लोकांनी घरच्या पडद्यावर पाहिली.

अण्णांचे पन्नास शेअर वारसाने माझ्याकडे आले आहेत. काही वर्षांपूर्वी त्याच कंपनीच्या व्हिडिओ सभेत मी वालूरच्या घरातून बोललो. आगाऊ ईमेल पाठवून वक्ता म्हणून नाव नोंदवले होते. खाली रेंज मिळेना म्हणून गच्चीवर खुर्ची टाकली. दीड तासाने माझे नाव पुकारले गेले. दोन मिनिटे मिळाली. मी अण्णांचाच प्रश्न विचारला: संचालकांशी संबंधित कंपनीला दिलेले कर्ज किती, व्याज किती, परत कधी? वेळ संपताच माझा आवाज बंद करण्यात आला. अध्यक्षांनी पंधरा जणांच्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आणि त्यात माझा प्रश्न नव्हता.

मुंबईतील सभागृहात असे झाले असते तर मी उभा राहिलो असतो, शेजारच्या चार जणांनी "उत्तर द्या" म्हटले असते. पडद्यावर भागधारक एकमेकांना दिसत नाहीत. प्रवास वाचला, पण एकी गेली. या नव्या सोयीतील ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

मी मात्र तिथे थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी कंपनी सचिवांना ईमेल लिहिला. सभेची तारीख, माझा क्रम, प्रश्न, सारे नोंदवले. नवव्या दिवशी उत्तर आले. रक्कम, व्याजाचा दर आणि परतफेडीची तारीख, तीनही गोष्टी त्यात होत्या. उत्तर समाधानकारक होते की नाही हा पुढचा विषय. पण उत्तर देणे त्यांना भाग पडले. रजिस्टर पोस्टाच्या पत्राला जे जमले नाही ते ईमेलला जमले.

एका धोक्याची जाणीव देणे आवश्यक आहे. माहिती जितकी जलद धावते तितकीच अफवाही. २०१७ मध्ये काही कंपन्यांचे निकाल जाहीर होण्यापूर्वीच त्यांचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरल्याचे उघडकीस आले. सेबीने दंड केले. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते रद्द केले, कारण ते आकडे कंपनीच्या आतूनच फुटले हे सिद्ध होऊ शकले नाही. यातून आपण एवढेच घ्यावे की, फिरत आलेल्या संदेशाला धनी नसतो; बाजाराकडे केलेल्या निवेदनाला असतो. व्हॉट्सॲपवरची 'आतली बातमी' वाचून दुकानाचे भांडवल लावणारे तरुण मला आपल्या घराघरांत दिसतात. १८६५ आणि आज यांत मग फरक काय राहिला?

शेवटी घरातली एक गोष्ट. आपल्या कुटुंबांत पत्नीच्या, सुनेच्या, आईच्या नावे शेअर असतात. पण डिमॅट खात्याला ईमेल आणि मोबाईल क्रमांक असतो काकांचा किंवा थोरल्या भावाचा. सभेची सूचना, ई-मतदानाचा संकेतांक, लाभांशाची वार्ता, यांतले काहीच त्या माउलीपर्यंत जात नाही. कागदावर ती कंपनीची भागीदार असते, पण कंपनीला तिचा पत्ताच ठाऊक नसतो. हे दार कंपनीने बंद केलेले नाही. आपणच केलेले आहे.

म्हणून प्रत्येक घराने चार कामे करावीत. ज्याचे खाते त्याचाच ईमेल व क्रमांक नोंदवावा आणि नामनिर्देशन करावे. बातमी ऐकली की आधी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरचे कंपनीचे निवेदन पाहावे. सभेपूर्वीचे ई-मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि आदल्या दिवशी सायंकाळी पाचला बंद होते. ते स्वतः करावे. आणि प्रश्न असेल तर तो लेखी विचारावा. उत्तर न मिळाल्यास सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार व्यवस्थेत नोंदवावा. तिथे तक्रारीवरील कारवाईसाठी कंपनीला एकवीस दिवसांची मुदत आहे.

ती लाकडी पेटी अजून आमच्या घरी आहे. कंपनीच्या उत्तराची छापील प्रत मी अण्णांच्या त्या कापडी पिशवीत ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या सभेसाठी वक्ता म्हणून सुनेने स्वतःचे नाव नोंदवायचे ठरवले आहे. प्रश्न तिचा तिने काढला आहे. तो मलाही तिने अजून सांगितलेला नाही.