पन्नास पैशांची घासाघीस

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आत्याकडे गेले होते. आत्या बँकेतून रिटायर झाली आहे आणि शेअर्स हा तिचा आवडता उद्योग. सकाळी टीव्ही लावायचा, चष्मा पुसायचा आणि मनात आलं की ब्रोकरच्या ऑफिसात फोन करायचा. मी सहज तिची काँट्रॅक्ट नोट हातात घेतली (एम-थ्रीला केटी असली तरी टक्केवारी अजून जमते!) आणि विचारलं, "आत्या, तू ब्रोकरेज किती देतेस गं?"

"पन्नास पैसे."

मला वाटलं, अरे वा, किती स्वस्त! मग कळलं की बाजारात पन्नास पैसे म्हणजे शंभर रुपयांमागे पन्नास पैसे. अर्धा टक्का. घेतानाही आणि विकतानाही.

"मग कमी करून माग ना."

"अगं, ते ठरलेलं असतं. सरकारी असतं ते."

मित्रांनो, ही आमची आत्या, जी भाजीवालीकडून मिरच्या-कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय हलत नाही!

खरं म्हणजे ब्रोकरेज सरकारी नसतं. आपल्याकडे शेअरच्या व्यवहारावर वरची मर्यादा आहे, जास्तीत जास्त अडीच टक्के. खालची मर्यादा नाहीच. अमेरिकेत उलट होतं. १७९२ साली न्यूयॉर्कच्या २४ दलालांनी एका झाडाखाली करार केला, त्यातली मुख्य अटच ही की पाव टक्क्याच्या खाली कोणी कमिशन घ्यायचं नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला सूट देणं हाच गुन्हा! तिथली ठरलेली कमिशनं १ मे १९७५ ला बंद झाली. मुंबईचे दलालसुद्धा सुरुवातीला वडाच्या झाडाखालीच जमायचे. (दलाल आणि झाडं यांचं काय नातं आहे कोण जाणे.) असो. मुद्दा एवढाच की आज दर कमी मागायला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

पण मागायचं काय? आधी नोट नीट वाचायची. समजा आत्याने ५०,००० रुपयांचे शेअर घेतले. अर्ध्या टक्क्याने ब्रोकरेज २५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५. एसटीटी ०.१ टक्का म्हणजे ५० रुपये, स्टँप ड्यूटी साडेसात रुपये, सेबीची फी पाच पैसे. एक्स्चेंजचे चार्जेस किरकोळ. यातला एसटीटी, स्टँप ड्यूटी आणि सेबीची फी सगळ्यांना सारखीच, तिथे घासाघीस करून फक्त हसं होईल. ब्रोकरेजच तेवढं आपल्या हातात आहे, आणि ते उतरलं की त्यावरचा जीएसटी आपोआप उतरतो. घेणं आणि विकणं दोन्ही धरलं तर खर्च ७०० रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे शेअर जवळजवळ दीड टक्का चढला तर कुठे आत्या बरोबरीत येणार.

तिने वर्षभरात घेणं-विकणं मिळून १२ लाखांची उलाढाल केली होती. ब्रोकरेज ६,०००, जीएसटी १,०८०. आत्या गप्पच झाली. म्हणाली, "गॅसचे किती सिलेंडर आले असते गं एवढ्यात?"

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, मोबाइलवर अ‍ॅप घ्यायचं की! बरोबर आहे. झिरोधाने २०१० साली ठोक फी सुरू केली आणि २०१५ च्या शेवटी डिलिव्हरीचं ब्रोकरेज शून्यच करून टाकलं. आपल्यासारख्यांना तेच बरं. पण काका गेल्यावर त्यांचे जुने कागदी शेअर आत्याच्या नावावर करून देण्यासाठी याच ब्रोकरच्या माणसाने खेटे घातले होते. तिला फोन उचलणारा माणूस हवा आहे, आणि त्याचे पैसे द्यायला तिची ना नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच. शून्याचा दर आपल्याला घ्यायचा नसला तरी बोलताना तो खिशात असलेला बरा. आणि खातं बंद करून सगळे शेअर आपल्याच नावाच्या दुसऱ्या डीमॅटला नेले तर त्याची फी लागत नाही, हेही ब्रोकरला माहीत असतं.

मग आम्ही दोघी गेलो. आत्याला भारी संकोच वाटत होता. जिन्यातच म्हणाली, "परत जाऊया का?" तिने विषय काढला तेव्हा मालक हसले, "काय मॅडम, पंधरा वर्षांची ओळख आपली!"

"म्हणून तर विचारतेय," आत्या म्हणाली. "ओळख नसती तर विचारलं नसतं, सरळ गेले असते."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या! मालक आधी तीस पैशांवर आले. मग म्हणाले, महिन्याला तीन लाखांची उलाढाल करा, पंधरा पैसे करतो. हे ऐकायला गोड वाटतं, पण हिशोब करा. वर्षाला ३६ लाखांवर पंधरा पैशांनी ५,४०० रुपये होतात. दर उतरला आणि बिल जवळजवळ तेवढंच! शिवाय नको असलेले व्यवहार करायचे ते वेगळंच. आगाऊ पैसे भरून घ्यायच्या स्कीमचंही असंच, आपली वर्षाची उलाढाल माहीत असल्याशिवाय हो म्हणू नये. शेवटी "वरून अप्रूव्हल घेतो" असं म्हणत वीस पैशांवर ठरलं. लहान ब्रोकरला मुख्य कंपनीबरोबर ब्रोकरेज वाटून घ्यावं लागतं, त्यामुळे हे वाक्य नेहमीच बहाणा असतं असं नाही.

निघताना मला किमान ब्रोकरेजची ओळ आठवली. टॅरिफ शीटवर बारीक अक्षरात होतं, प्रत्येक ऑर्डरला किमान २५ रुपये. आत्या नातवासाठी म्हणून दर महिन्याला दोन हजारांचे शेअर घेते. वीस पैशांनी त्याचे होतात चार रुपये, पण किमान अट असेल तर २५ च जाणार, म्हणजे सव्वा टक्का! दर कितीही पाडा, लहान ऑर्डरवर एक पैसा वाचत नाही. परत जिना चढलो. यावर मालक दरापेक्षा जास्त कुरकुरले, पण काढली ती अट. दोन्ही गोष्टी ईमेलवर लिहून घेतल्या.

पुढच्या ४०,००० च्या खरेदीची नोट आली, त्यावर परत पन्नास पैसेच. या वेळी मी कॉलेजला होते, फोन आत्यानेच केला. "सिस्टीममध्ये बदलायचं राहिलं, मॅडम." दोन दिवसांनी फरकाचे १४१ रुपये ६० पैसे जमा झाले. आत्याने ते डायरीत लाल पेनने लिहून ठेवले आहेत.