खिडकीबाहेरचे झाड

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले एक रुग्णालय. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या खोल्या जवळपास एकसारख्या. फरक एवढाच की, काही खिडक्यांतून झाडे दिसायची आणि काहींतून विटांची तपकिरी भिंत. रॉजर उलरिक या संशोधकाने १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी काढल्या आणि वय, लिंग, धूम्रपानाची सवय अशा बाबी जुळवून रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ‘रडत होते’, ‘खूप धीर द्यावा लागतो’ असे परिचारिकांचे शेरेही त्यांच्या कागदांवर कमी होते.

१९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला हा अभ्यास छोटाच होता. पाऊण दिवस म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण ज्याने पोटावरच्या टाक्यांसह रात्र काढली आहे, त्याला पाऊण दिवसाची किंमत विचारा! झाडाकडे बघून मन शांत होते हे आपली आजीही सांगत होती. उलरिकने ते रुग्णालयाच्या कागदांवरून मोजून दाखवले.

मग निसर्गात किती वेळ घालवला तर पुरे? इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार जणांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटे बागेत, रानात किंवा समुद्रकिनारी घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली आणि मन समाधानी असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे दोन तास एका दमात काढले काय किंवा तुकड्या-तुकड्यांनी, फरक पडला नाही. स्वतःच्या घरच्या बागेतला वेळ मात्र यात धरला नव्हता, त्यामुळे गॅलरीतल्या कुंड्यांवर भागवू पाहणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. आणखी एक सावधगिरी. मुळात धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडतात, हेही या आकड्यांमागचे एक कारण असू शकते. तेव्हा दोन तासांचा आकडा औषधाच्या डोसासारखा काटेकोर मानू नये.

असे का होत असावे? २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काही जणांना दीड तास गवत आणि ओकच्या झाडांमधून चालवले, तर काहींना तेवढाच वेळ वाहनांनी गजबजलेल्या रस्त्याच्या कडेने. चालणे दोघांचेही झाले. पण एकच सल मनात घोळवत बसण्याची सवय फक्त पहिल्या गटात थोडी कमी झाली आणि या घोळण्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्यावर हॉर्न, सिग्नल, अंगावर येणारी दुचाकी यांकडे सतत लक्ष ठेवावे लागते. पाने हलताना पाहायला असे जोर लावून लक्ष द्यावे लागत नाही; मेंदूला तेवढीच उसंत. कानात इअरफोन घालून ऑफिसचे कॉल घेत टेकडी चढणाऱ्यांना हा लाभ कितपत मिळत असेल, शंकाच आहे.

अर्थात नैराश्याचे औषध चालू असेल तर ते फिरायला लागलो म्हणून बंद करू नये. दम्याच्या रुग्णांनी थंडीत भल्या पहाटे बाहेर पडण्याची घाई करू नये. थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर, धूळ त्यात अडकून राहते. ऊन जरा वर आले की जावे.

खरा प्रश्न जायचे कुठे, हा आहे. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ राहणारे नशीबवान. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याला विरोध करण्यासाठी २०२३ मध्ये नागरिक मोठ्या संख्येने बाहेर पडले. अशा रस्त्याने प्रवासाची किती मिनिटे वाचतील हे नेहमी सांगितले जाते. पण रोज पहाटे तिथे येणाऱ्या मधुमेही, रक्तदाबाच्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या माणसांची किती मिनिटे जातील, तेही त्याच कागदावर मांडायला हवे. ज्यांना गाडी काढून महाबळेश्वर गाठणे जमते, ते दुसरी जागा शोधतील. पायथ्याच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना मात्र फुकटात चढता येणारी टेकडी ती एकच आहे.