विकेंद्रित शिक्षण : वैद्यकात आणि यंत्रात

ज्ञान दिल्याने वाढते, असे आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. परंतु वैद्यकशास्त्रात हे देणे दिसते तितके सोपे नाही. अनुभवी तज्ज्ञ मोठ्या शहरात असतात आणि रुग्ण दूरच्या खेड्यात. एका रुग्णालयातील नोंदी दुसऱ्या रुग्णालयाला देता येत नाहीत, कारण रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हे वैद्याचे आद्य कर्तव्य होय. मग एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी पोहोचावा कसा? या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत दोन वेगवेगळ्या क्षेत्रांनी जी उत्तरे दिली, त्यांत विलक्षण साम्य आहे.

पहिले उत्तर वैद्यकीय शिक्षणातले आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात सी-प्रकारच्या हेपॅटायटिसचे, म्हणजे यकृतदाहाचे, रुग्ण पुष्कळ होते. पण त्यावर उपचार करणारे तज्ज्ञ मोजकेच. विद्यापीठाच्या चिकित्सालयात पहिली भेट मिळण्यास रुग्णाला सुमारे ८ महिने थांबावे लागे. तोपर्यंत कित्येकांचे यकृत अधिकच निकामी होत असे. हे पाहून तेथील यकृतरोगतज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘प्रोजेक्ट एको’ हा उपक्रम आरंभिला. त्यांनी रुग्णांना शहरात आणले नाही. गावोगावच्या डॉक्टरांनाच शिकविण्याचे ठरविले. आठवड्यातून एकदा हे डॉक्टर दूरचित्रसंवादाने एकत्र जमत, आपापल्या रुग्णांची हकीकत नाव न सांगता मांडीत आणि तज्ज्ञांशी व परस्परांशी चर्चा करीत. उपचार मात्र गावातच होई.

अशा रीतीने शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून रुग्णाचे अहित तर होणार नाही ना, ही शंका स्वाभाविक होती. तिचे निरसन २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने केले. ४०७ रुग्णांच्या या पाहणीत विद्यापीठाच्या चिकित्सालयातील ५७.५ टक्के रुग्णांच्या शरीरातून विषाणू कायमचा नाहीसा झाला, तर ग्रामीण केंद्रांत व तुरुंगांत हेच प्रमाण ५८.२ टक्के आढळले. त्या काळी वापरली जाणारी औषधे आता मागे पडली आहेत. पण शिकविण्याची ही पद्धत अनेक देशांत पसरली असून बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनेही मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ती अंगीकारली आहे.

दुसरे उत्तर गणकयंत्राच्या क्षेत्रातले आहे. हजारो उदाहरणे दाखवून यंत्राला रोगाच्या खुणा ओळखावयास शिकविता येते. परंतु एकाच रुग्णालयात शिकलेले यंत्र दुसरीकडे फसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात छातीच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राची परीक्षा घेण्यात आली. परक्या रुग्णालयांतील छायाचित्रांवर त्याचे यश बहुधा कमी भरले. इतकेच नव्हे, तर छायाचित्र कोणत्या रुग्णालयातील आहे हेच ते यंत्र अचूक ओळखू लागले होते! रोगाऐवजी रुग्णालय ओळखणारा असा विद्यार्थी रुग्णाच्या काय उपयोगाचा?

म्हणून यंत्रालाही अनेक रुग्णालयांचा अनुभव हवा. आणि नोंदी तर बाहेर जाता कामा नयेत. ही अडचण ‘फेडरेटेड लर्निंग’ अर्थात संघीय शिक्षण या पद्धतीने दूर होते. हे नाव २०१६ साली गूगलमधील संशोधकांनी रूढ केले. यंत्राचे ज्ञान अखेर असंख्य आकड्यांच्या रूपात साठविलेले असते. मध्यवर्ती केंद्र हे आकडे प्रत्येक रुग्णालयाकडे पाठविते. रुग्णालय स्वतःच्या नोंदींवर यंत्राला शिकविते आणि सुधारलेले आकडे तेवढे परत धाडते. केंद्र त्यांची सरासरी काढून पुढील फेरी सुरू करते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तीन रुग्णालयांत अनुक्रमे १००, ३०० व ६०० रुग्ण आहेत आणि एका आकड्याची किंमत त्यांनी अनुक्रमे २, ४ व ५ अशी कळविली, असे समजू. साधी सरासरी सुमारे ३.७ येईल, पण रुग्णसंख्येचा विचार करता ती ४.४ होते. अधिक अनुभवाला अधिक वजन, परंतु लहानाचा शब्दही मोजलेला, असा हा न्याय आहे.

विरळ रोगांच्या बाबतीत या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतील अत्यंत घातक गाठ. कोणत्याही एका रुग्णालयाकडे तिची पुरेशी उदाहरणे नसतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ६ खंडांतील ७१ केंद्रांनी ६,३१४ रुग्णांच्या आधारे एका यंत्राला गाठीच्या सीमा आखावयास शिकविले. खुल्या उपलब्ध चित्रांवर शिकलेल्या यंत्राच्या तुलनेत शस्त्रक्रियेने काढता येणाऱ्या भागाची आखणी ३३ टक्क्यांनी सुधारली.

तथापि ही पद्धत निर्दोष आहे असे मात्र नव्हे. परत पाठविलेल्या आकड्यांवरूनही मूळ चित्राचा माग काढता येतो, हे २०१९ साली संशोधकांनी दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून आकड्यांत मुद्दाम किंचित गोंधळ मिसळतात. पण त्यामुळे अचूकता थोडी घटते. शिवाय ज्या रुग्णालयांत नोंदीच नीट ठेवल्या जात नाहीत, तेथील रुग्णांचा अनुभव या सरासरीत उतरतच नाही. भारतासारख्या देशात ही उणीव दुर्लक्षून चालणार नाही. लहान रुग्णालयातील काळजीपूर्वक लिहिलेली साधी नोंद हाच या साऱ्या शास्त्राचा पाया होय.

गावचा डॉक्टर असो वा यंत्र, दोघांच्या शिक्षणातून एकच तत्त्व दिसून येते. रुग्णाला व त्याच्या गुपिताला जागचे न हलविता अनुभवाचे सार तेवढे प्रवासाला पाठवावे. जेथे रोग आहे तेथेच ज्ञान पोहोचले, तरच ते वेळेवर पोहोचले असे म्हणता येईल.