पत्र की माल?

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि हॉकीची कार्डं जमवतो. कॅनडातल्या मिसिसागात राहून हे वेड टाळणं कठीण. थंडीची चाहूल लागली की टिम हॉर्टन्समध्ये कॉफीच्या जोडीला कार्डांची पाकिटं विकायला येतात, तिथून सुरुवात होते. परवा त्याला हवं असलेलं एक कार्ड ऑनलाइन, ईबेवर सापडलं. किंमत तीन अमेरिकन डॉलर, विकणारा बफेलोचा, टपालखर्च सोळा डॉलर. ‘बाबा, बफेलो नायगाराच्या पलीकडेच आहे ना?’ आहे. आमच्या घरापासून गाडीने दोन तासही लागत नाहीत.

हा विषय इथल्या मराठी मंडळींत काढला की चहा संपेपर्यंत पाच कारणं ऐकायला मिळतात. त्यातली बहुतेक चुकीची असतात, आणि पहिलं ठरलेलं: विकणारा टपालखर्चात पैसे काढतो.

एकेकाळी ही शंका रास्त होती. कार्ड एका डॉलरला आणि टपाल वीस, असं लावून काही जण कमिशन चुकवायचे. आता ईबेचं कमिशन टपालखर्च धरून एकूण रकमेवर लागतं, त्यामुळे ती पळवाट बुजली. सोळातले बहुतेक डॉलर खरोखरच टपालखात्याकडे जातात. एवढे डॉलर का, याचं उत्तर अंतरातही नाही आणि वजनातही नाही. कार्ड असतं अडीच बाय साडेतीन इंचांचं, वजन दोन ग्रॅमच्या आतबाहेर. तेच कार्ड बफेलोहून हजारो मैलांवरच्या हवाईला साध्या पांढऱ्या लिफाफ्यात एक-दीड डॉलरमध्ये पोचतं. अमेरिकेत वीस डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी ईबेची खास स्वस्त लिफाफा-सेवा आहे, वर पाकीट कुठवर आलं तेही दिसतं. पण ती देशाच्या हद्दीतच चालते.

सीमेवर त्या लिफाफ्याची जात बदलते. अमेरिकी टपालखात्याने 21 जानेवारी 2018 पासून नियम केला की परदेशी जाणाऱ्या साध्या पत्रात फक्त कागदपत्रं घालायची. वस्तू असेल तर तिचं पार्सल करायचं. कार्डही कागदाचंच, पण ते विकलं गेलं म्हणजे माल झालं. माल म्हटला की कस्टम्सचा फॉर्म आला, आतल्या वस्तूची माहिती आधी संगणकातून पाठवणं आलं आणि पार्सलाचा दर आला. या पार्सलाचा सगळ्यात खालचा टप्पा आठ औंसांपर्यंतचा, म्हणजे सुमारे 227 ग्रॅमचा. दोन ग्रॅमचं कार्ड 227 ग्रॅमचं भाडं भरून प्रवास करतं. पेनी स्लीव्ह म्हणजे पातळ प्लॅस्टिकची पिशवी, टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कव्हर आणि पुठ्ठा घालूनही त्या टप्प्यात डझनभर कार्डं सहज मावतील.

ज्यांना हा सगळा ट्रम्प यांच्या काळातला प्रकार वाटतो, त्यांनी थोडं मागे जावं. 1874 साली बर्नमध्ये 22 देशांनी टपाल संघाचा करार केला, तेव्हा समजूत अशी होती की प्रत्येक पत्राला उत्तर जातंच. म्हणून ज्याने तिकीट विकलं त्याने पैसे ठेवावेत, पलीकडच्याने पत्र फुकट वाटावं. हिशेब आपोआप फिटेल. जवळजवळ शंभर वर्षं असंच चाललं. मग जास्त टपाल येणारे देश कुरकुरू लागले आणि 1971 पासून वाटपाचा मोबदला सुरू झाला. पुढे ऑनलाइन खरेदी आली. पत्राला उत्तर येतं, पार्सलाला कोण देणार! हा मोबदला फार कमी आहे म्हणून अमेरिकेने संघ सोडायची धमकी दिली, आणि 2019 च्या सप्टेंबरात जिनिव्हात तडजोड होऊन तिला आपले दर स्वतः ठरवायची मुभा मिळाली.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: ‘मुक्त व्यापार आहे, कर कसला?’ 1 जुलै 2020 च्या नव्या करारानंतर अमेरिकेहून येणाऱ्या मालावर 40 कॅनडियन डॉलरपर्यंत कर नाही आणि 150 पर्यंत सीमाशुल्क नाही, हे खरं. पण ही सवलत फक्त कुरिअरने येणाऱ्या मालाला आहे. पोस्टाने आलेल्या पाकिटाची मर्यादा जुनीच, 20 डॉलर. तिच्या वर गेलात की आमच्या ऑन्टारिओत 13 टक्के कर, आणि तो गोळा करण्याबद्दल कॅनडा पोस्टचे 9 डॉलर 95 सेंट. म्हणजे 21 डॉलरच्या मालावर कर 2 डॉलर 73 सेंट आणि वसुलीसकट 12 डॉलर 68 सेंट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दर वेळी वसुली होते असं नाही, अनेक पाकिटं तशीच सुटतात. त्यामुळेच शेजाऱ्याला लागला नाही तो कर आपल्याला लागला की फसवल्यासारखं वाटतं.

मग कुरिअर बरं? माझा अनुभव ऐका. गेल्या वर्षी 45 अमेरिकन डॉलरचं एक कार्ड कुरिअरने आलं. दारात माणूस, हातात 31 डॉलरचं बिल. मी आधी सरकारच्या नावाने बोटं मोडली. मग बिल वाचलं: कर आठ डॉलर, बाकीचे तेवीस ‘ब्रोकरेज’. कस्टम्समध्ये माझ्या वतीने कागद पुढे सरकवल्याची मजुरी. हे काम स्वतःही करता येतं: पाकीट घरी येण्याआधी कुरिअरला तसं कळवायचं, कागद घेऊन सीमाशुल्क कार्यालयात जायचं, कर भरून पावती घ्यायची. मी ते एकदा करून पाहिलं. तेवीस डॉलर वाचले, अर्धा दिवस गेला.

‘विकणाऱ्याला गिफ्ट लिहायला सांग’ हा सल्ला तर देऊच नये. 60 डॉलरपर्यंतच्या भेटीला कॅनडात सूट आहे, पण ती माणसाने माणसाला दिलेल्या भेटीला. विकत घेतलेल्या वस्तूवर ‘भेट’ लिहिणं ही खोटी नोंद आहे. भारताने तर 2019 च्या डिसेंबरात टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटींची पाच हजार रुपयांपर्यंतची सूट काढूनच टाकली. अपवाद ठेवले दोन, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतच्या भेटीला मात्र सूट नाही!

गाडी काढून पलीकडून पाकीट घेऊन येणारेही बरेच आहेत. सीमेपलीकडे पार्सलं सांभाळणारी दुकानं त्यावरच चालतात. मात्र चोवीस तासांच्या आत परतलात तर सवलत शून्य. चोवीस तासांनंतर 200 डॉलर, अठ्ठेचाळीसनंतर 800. तीन डॉलरच्या कार्डासाठी हॉटेलात मुक्काम कोण करेल?

उलट्या दिशेचं टपाल बरीच वर्षं सुखात होतं. 2016 पासून अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना आत जायचा. 29 ऑगस्ट 2025 ला ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. भारतीय डाकखात्याने त्याच्या चार दिवस आधीपासून अमेरिकेचं बहुतेक पार्सल-बुकिंग थांबवलं, तेव्हा पुण्यातली माझी मावशी न्यू जर्सीला फराळ कसा पाठवायचा म्हणून मला फोन करत होती. मला, कॅनडात!

मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि वही काढली. अमेरिकन तीन डॉलर म्हणजे आमचे साधारण चार डॉलर वीस सेंट. त्याच विक्रेत्याकडे त्याच किमतीची त्याला हवी असलेली पाच कार्डं होती. टपाल तर एकाचं आणि पाचांचं सारखंच. चार घेतली तर सोळा ऐंशी. पाचव्याला एकवीस, म्हणजे वीसची रेघ ओलांडली. त्याने चार मागवली आणि पाचव्याचं नाव वहीत ‘मार्च’ असं लिहून त्याखाली टाकलं.