वैद्यकीच्या दारी उशिरा पोहोचलेले

वैद्यकीच्या प्रवेशाविषयी आम्ही काही लिहावे, याचे वाचकांस प्रथमदर्शनी नवल वाटेल. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभे आयुष्य शब्दरूपे आणि समास शिकविण्यात गेले. परंतु गडचांदुरासारख्या गावी मास्तर निवृत्त झाला, तरी त्याची ओसरी निवृत्त होत नाही. दाखल्यावर सही कोणाची घ्यावी, अर्जात आईचे नाव कोठे लिहावे, असले प्रश्न घेऊन माणसे येतातच. आणि गेल्या काही वर्षांत त्यांत वैद्यकीच्या प्रवेशाचे प्रश्न अधिक येऊ लागले आहेत.

सन २०२४ च्या भाद्रपदातील एक संध्याकाळ आम्हांस आठवते. आमचा एक जुना विद्यार्थी, जो येथील सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे, मुलीस घेऊन आला. मुलीने ‘नीट’ची परीक्षा दिली होती. गुण वाईट नव्हते. मागील वर्षी तेवढ्या गुणांवर सरकारी महाविद्यालय सहज मिळाले असते, असे ज्याला त्याला वाटत होते. पहिल्या फेरीत नाव लागले नाही. बापाने धीर सोडून तिला बी.एस्सी.स घातले आणि फी भरून मूळ दाखले तेथे देऊन टाकले. ‘‘आता का होते जी, गुरुजी? गाडी तर गेली,’’ असे तो म्हणाला. मुलगी काहीच बोलली नाही. ती ओसरीच्या खांबाकडे पाहत उभी होती, आणि तिचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

गाडी खरोखर गेली होती काय? त्या वर्षीचा क्रम वाचकांस आठवत असेल. ५ मे रोजी परीक्षा झाली आणि तेवीस लाखांहून अधिक मुले तीस बसली. ४ जूनला निकाल लागला, तेव्हा सदुसष्ट जणांस ७२० पैकी ७२० गुण! देशभर गदारोळ झाला, प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाढीव गुण मिळालेल्या १५६३ जणांस पुन्हा परीक्षेची मुभा द्यावी लागली. संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास न्यायालयाने २३ जुलै रोजी नकार दिला, त्यानंतर सुधारलेला निकाल लागला, आणि ऑगस्ट उजाडला तेव्हा कोठे प्रवेशाच्या फेऱ्यांस आरंभ झाला. तात्पर्य, त्या वर्षी अवघे चक्रच उशिराचे होते. भाद्रपद म्हणजे शेवट नव्हे, मध्य होता.

दुसरे असे की, उशिराच्या फेरीत जागा कोठून येतात हेच पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. पलीकडे गडचिरोलीच्या अंगास धानाच्या बांध्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल. वरची बांधी भरली की पाणी खालच्या बांधीत उतरते. देशभराच्या पंधरा टक्के कोट्यात ज्याला जागा मिळते तो राज्यातली जागा सोडतो. ज्याला नागपूर मिळते तो दूरचे महाविद्यालय सोडतो. त्याची जागा तिसऱ्यास, तिसऱ्याची चौथ्यास. पहिल्या फेरीत कोरडी राहिलेली बांधी तिसऱ्या फेरीत ओली होऊ शकते. मात्र पाणी उतरते ते ज्याचा बांध नीट घातलेला आहे त्याच्याच शेतात. म्हणूनच आम्ही मुलीस पहिला प्रश्न विचारला तो हा, की राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणी केलीस काय? केली होती. शाळेतील एका बाईंनी, ‘‘मिळो न मिळो, नाव तर घाल,’’ म्हणून पावसाळ्यात तिच्याकडून ती करवून घेतली होती. त्या बाईंस आम्ही मनातल्या मनात नमस्कार केला.

त्यात त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडत होती. फेऱ्या चालू असतानाच महाराष्ट्रात नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांस मान्यता मिळाल्या. ९ ऑक्टोबर रोजी, ऐन नवरात्रात, अशा दहा महाविद्यालयांचे एकदम उद्घाटन झाले. मुंबई आणि नाशिक येथे पन्नास-पन्नास, उरलेल्या आठ ठिकाणी शंभर-शंभर, मिळून नऊशे जागा. आणि त्या आठांत गडचिरोली होते. आमच्या तरुणपणी या मुलखातील मुलास वैद्यकी शिकावयाची तर बहुधा नागपूर गाठावे लागे, जेथील महाविद्यालय १९४७ चे; फार तर वर्ध्याजवळचे सेवाग्राम, जेथे १९६९ पासून शिक्षण सुरू झाले. चंद्रपुरास सरकारी महाविद्यालय निघाले २०१५ साली. आणि आता गडचिरोली! ज्या जिल्ह्यात डॉक्टर म्हणून नेमणूक झाली की माणसे बदलीच्या खटपटीस लागत, तेथे डॉक्टर घडावयाचे, ही बातमी वाचून आम्ही वर्तमानपत्र दोनदा उलगडले.

उशिरा केलेल्या अर्जाचा विषय निघाला की आम्हांस आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. त्या एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास लिहिलेले त्यांचे प्रसिद्ध विनंतीपत्र २८ जून १८८३ चे आहे; सत्र तर ऑक्टोबरात सुरू व्हावयाचे! समुद्र ओलांडून आलेल्या अठरा वर्षांच्या या मुलीने प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असे नाही, हेही लपविले नाही. महाविद्यालयाच्या चालकांनी पत्र वाचले, माणूस ओळखला आणि दार उघडले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पुढे वर्षही पुरते लोटले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आज असे पत्र लिहून उपयोग नाही. पत्र वाचून अपवाद करण्याचा अधिकार कोणत्याही अधिष्ठात्यास उरलेला नाही, आणि त्याचे कारण अगदीच अन्यायाचे नाही. मागल्या दाराने, सत्र अर्धे संपल्यावर, जागा भरल्या जाऊ लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सत्राच्या मध्यात प्रवेश देण्यास मनाई केली आणि २००५ साली वेळापत्रक काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. ३० सप्टेंबर ही त्या काळची अखेरची तारीख होती. अलीकडे ती वर्षावर्षाला बदलते, पण एकदा ठरली की ठरली. २०१९ साली न्यायालयाने एवढी सवड ठेवली, की विद्यार्थ्याचा काहीच दोष नसता, केवळ अधिकाऱ्यांच्या चुकीने प्रवेश हुकला असेल आणि त्याने तत्परतेने दाद मागितली असेल, तर अपवाद म्हणून मुदतीनंतर एका महिन्याच्या आत प्रवेश देता येईल. पण गडचांदुराहून न्यायालयापर्यंत तत्परतेने पोहोचणे म्हणजे काय, हे गडचांदुरात राहणाऱ्यासच विचारावे.

असो. मुलीचे नाव पुढील फेरीत एका नव्या महाविद्यालयासाठी लागले, आणि खरी धावाधाव तेथून सुरू झाली. हजर होण्यास चार-पाच दिवस. मूळ दाखले मात्र बी.एस्सी.च्या महाविद्यालयात. ते आणावयास बाप गेला, तर तेथील कारकुनाने, वर्षाची उरलेली फी भरल्याखेरीज कागद मिळणार नाहीत, असे सांगितले. त्या संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. वस्तुतः विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावून ठेवले आहे, की मूळ प्रमाणपत्रे तपासून परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत. आम्ही त्या सूचनेची प्रत काढली, खाली सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहिला आणि बापाबरोबर स्वतः गेलो. प्राचार्य सज्जन होते. त्यांना हे ठाऊकच नव्हते. दुपारी तीन वाजता कागद हाती पडले. रात्रीच्या एस.टी.ने बापलेक निघाली. जाताना मुलीने पाया पडून प्रथमच तोंड उघडले ते एवढेच विचारण्यासाठी, की ‘‘गुरुजी, शरीरशास्त्राचे शब्द संस्कृतातून आलेत का?’’ आम्ही म्हटले, बाळ, मराठीतले बहुतेक आले आहेत. परंतु तुला जे पाठ करावे लागतील ते लॅटिन आणि ग्रीक आहेत, आणि तेथे आमचा काही उपयोग नाही.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण त्याच पावसाळ्यात आमच्या ओसरीवर आणखी एक मुलगा येत असे. जिवतीच्या डोंगराकडचा, गोंड घरातला. अनुसूचित जमातीच्या जागांवर त्याचे गुण पुरेसे होते. अडले ते जातपडताळणीच्या प्रमाणपत्रावर. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत वजनदार मानतात. आता राजुऱ्याचा हा सारा मुलूख त्या काळी मध्यप्रांतात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडास जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपुरास आला. साहजिकच त्याच्या पणजोबाच्या जमिनीचा कागद उर्दूत! तो वाचावयास कोणी मिळेना. आम्हांस देवनागरी आणि मोडी येते, उर्दू लिपी येत नाही, याची त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी पूर्वी कधी वाटली नव्हती. शोधता शोधता चंद्रपुरास एक वृद्ध मौलवी भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून तो वाचला, आणि जमातीचा उल्लेख असलेल्या ओळीवर बोट ठेवले. भाषांतर झाले, प्रकरण दाखल झाले, आणि प्रमाणपत्र आले, पण शेवटची फेरी आटोपल्यानंतर.

त्यात कोणाचा दोष होता? मुलाचा नव्हता, पडताळणी करणाऱ्यांचाही सर्वस्वी नव्हता. खोट्या दाखल्यांवर याच जमातींच्या जागा लाटल्या गेल्या, म्हणून तर ती पडताळणी कडक झाली. परंतु ते काम अकरावीत असताना हाती घ्यावयाचे असते, हे त्या घरास सांगणारे कोणी नव्हते, आणि आम्हीही दोन वर्षे आधी सांगितले नाही. मुलगा तेव्हा आमच्याच गावात शिकत होता व रोज आमच्या दारावरून जात होता.

त्या उर्दू कागदाची एक प्रत, भाषांतरासह, आमच्या कपाटात मेणकापडात गुंडाळून ठेवली आहे. भावाची पडताळणी झालेली असली म्हणजे सख्ख्या भावंडांचे काम पुष्कळ सोपे होते. त्याची धाकटी बहीण यंदा अकरावीस आहे. तिला आम्ही पुढील रविवारी बोलाविले आहे.